निकॉन डी७५० आता घ्यावा का? जुना फुल-फ्रेम डीएसएलआर पारखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, काही वर्षं काढली की हौशी फोटोग्राफरला मोठ्या सेन्सरच्या फुल-फ्रेमचे वेध लागतात. नव्या मिररलेसच्या (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) किमती पाहून डोळे पांढरे होतात आणि मग मोर्चा सेकंड-हँड बाजाराकडे वळतो. तिथे हमखास भेटणारं एक नाव म्हणजे निकॉन डी७५०. खालचे प्रश्न या कॅमेऱ्याबद्दलचे आहेत, पण तपासणीचा भाग कोणत्याही जुन्या डीएसएलआरला लागू पडेल.

थोडक्यात सांगा, हा कॅमेरा काय आहे?

सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेला, २४.३ मेगापिक्सेलचा फुल-फ्रेम डीएसएलआर. ५१ फोकस पॉइंट, सेकंदाला ६.५ फ्रेम, दोन एसडी कार्डांची सोय, वरखाली कलणारा स्क्रीन. बॅटरी आणि कार्डासह वजन ८४० ग्रॅम. बॉडीची मागची आणि वरची बाजू मॅग्नेशियम मिश्रधातूची, पुढची बाजू कार्बन फायबर मिसळलेल्या प्लास्टिकची. ग्रिप खोल आहे. कागदावर ही गोष्ट दिसत नाही, पण दिवसभर हातात धरल्यावर तिची किंमत कळते.

फुल-फ्रेम घेतला की फोटो आपोआप सुधारतात का?

नाही. सर्वांत जास्त पैसे याच गैरसमजात बुडतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फुल-फ्रेम सेन्सर साधारण ३६ × २४ मिलिमीटरचा असतो, निकॉनचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात फरक सव्वादोन पटींहून थोडा जास्त, म्हणजे प्रकाशाच्या हिशेबात जेमतेम सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). हा सव्वा स्टॉप तुम्हाला मिळतो, पण एका अटीवर: लेन्सचं अ‍ॅपर्चर तेवढंच मोठं हवं (म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं). क्रॉप बॉडीवर ३५ मिमी एफ/१.८ लावली तर ती चौकट आणि डेप्थ ऑफ फील्ड (फोटोत स्पष्ट दिसणारी खोली) या दोन्ही बाबतींत फुल-फ्रेमवरच्या ५२ मिमी एफ/२.७ सारखी वागते. आता समजा तुमच्याकडे क्रॉपवर १७-५० एफ/२.८ झूम आहे. ती विकून डी७५० आणि २४-१२० एफ/४ घेतली, तर हातात काय आलं? पार्श्वभूमी जवळजवळ तेवढीच धूसर, अंधारातला नॉइज (दाणेदारपणा) जवळजवळ तेवढाच. बॅग मात्र जड झाली आणि खिसा हलका.

म्हणून "फुल-फ्रेम घेऊ का?" असं कुणी विचारलं की माझा उलटा प्रश्न असतो: त्यावर कोणती लेन्स लावणार? ८५ मिमी एफ/१.८, ३५ मिमी एफ/१.८, २० मिमी एफ/१.८ अशी उत्तरं आली तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. "सध्या किट लेन्स, बाकी पुढे बघू" असं असेल तर आहे त्या बॉडीला एक चांगली प्राइम (झूम न होणारी लेन्स) घ्या आणि वर्षभर थांबा.

मग डी७५० चं खरं बळ कशात आहे?

सावल्यांमध्ये. कमी आयएसओवर (प्रकाशाच्या संवेदनशीलतेचा आकडा) काढलेल्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमधला काळोख तीन-चार स्टॉपनी उचलला तरी त्यात पट्टे उमटत नाहीत, रंग फारसे बिघडत नाहीत. त्याच काळातल्या कॅनन ६डी किंवा ५डी मार्क ३ च्या फाइलवर हा प्रयोग केला की काळ्या भागात रेघा दिसू लागतात. सेन्सरच्या चाचण्या घेणाऱ्या डीएक्सओमार्कच्या मोजणीत डी७५० ची डायनॅमिक रेंज (सर्वांत काळ्यापासून सर्वांत उजळ भागापर्यंतचा पल्ला) १४.५ स्टॉप आली होती. आकडा बाजूला ठेवा, व्यवहारात त्याचा उपयोग असा: हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी सूर्यास्त टिपताना आकाश सांभाळून एक्स्पोजर द्यायचं आणि कड्याचा काळा पडलेला खडक नंतर संगणकावर वर काढायचा. एकाच फ्रेममध्ये काम होतं.

दुसरी आवडती गोष्ट म्हणजे हायलाइट-वेटेड मीटरिंग. मागे काळा पडदा, चेहऱ्यावर स्पॉट, असा नाटकाचा किंवा लावणीचा प्रसंग असला की नेहमीचं मीटरिंग पडद्याला भुलतं आणि चेहरा पांढराफट्ट करतं. इथे मीटर उजळ भाग जपतं. रंगमंचावर काम करणाऱ्यांनी हे बटण कुठे आहे ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवावं.

आयएसओ कुठपर्यंत वापरता येतो?

मूळ पल्ला १०० ते १२,८००, वाढवून ५१,२०० पर्यंत. माझा हिशेब: ३२०० बिनधास्त, ६४०० थोडी सफाई करून, १२,८०० फक्त फोटो मिळणं गरजेचंच असेल तेव्हा. त्यापुढचे आकडे जाहिरातीसाठी.

काजव्यांच्या किंवा आकाशगंगेच्या फोटोंसाठी १६०० ते ३२०० आणि मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स एवढं पुरतं. भंडारदऱ्याच्या बाजूला मे अखेरीस आणि जूनमध्ये काजवे टिपायला जाणार असाल तर फ्लॅश आणि हेडटॉर्च बंद ठेवा. काजव्यांनाही त्रास, शेजारच्या फोटोग्राफरलाही.

ऑटोफोकस आजच्या मानाने मागासलेला वाटतो का?

काही कामांना अजिबात नाही, काहींना फारच. मंद प्रकाशात उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप, उणे ३ म्हणजे जवळजवळ अंधार) फोकस पकडण्याची क्षमता आजही कामाची आहे. लग्नाच्या हॉलमध्ये, गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर, समईच्या उजेडात तो सहसा अडखळत नाही.

अडचण वेगळीच आहे. ५१ पॉइंट सगळे चौकटीच्या मधल्या भागात दाटीवाटीने बसलेत. चेहरा कडेला ठेवायचा असेल तर मधल्या पॉइंटने फोकस करून कॅमेरा वळवावा लागतो, आणि एफ/१.४ वर जवळून पोर्ट्रेट काढताना तेवढ्या वळवण्यात डोळा सोडून कान शार्प येतो. मिररलेसवर डोळा ओळखणाऱ्या फोकसची ज्यांना सवय झाली आहे, त्यांना इथे चिडचिड होईल. स्क्रीनवर बघून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, फोकस अचूक पण संथ आहे. ट्रायपॉडवर ठीक, धावत्या नातवंडांमागे निरुपयोगी.

ताडोबात, भिगवणला चालेल का?

चालेल, पण तुम्ही मुख्यतः वन्यजीवच टिपत असाल तर हा तुमचा कॅमेरा नव्हे. क्रॉप बॉडीवर ५०० मिमी लेन्स ७५० सारखी चौकट देते. डी७५० वर तेवढंच जवळ जायचं तर फोटो कापावा लागतो आणि क्रॉप मोडमध्ये हातात जेमतेम १०.३ मेगापिक्सेल उरतात. शिवाय १४ बिट लॉसलेस रॉमध्ये बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी तात्पुरती जागा) सुमारे १५ फ्रेमचा, म्हणजे दोन-अडीच सेकंदांत कॅमेरा दम खातो. फ्लेमिंगोंचा थवा उठला आणि बटण दाबून धरलं, की नेमक्या मोक्याच्या क्षणी तो थांबलेला असतो. याच कामासाठी त्याच कंपनीचा क्रॉप सेन्सरचा डी५०० आहे: १५३ पॉइंट, सेकंदाला १० फ्रेम. पक्षीप्रेमींनी सरळ तो पाहावा.

लग्नाची कामं अधूनमधून घेतो. तेवढ्यासाठी?

उत्तम. दोन कार्डांवर एकाच वेळी फाइल लिहिता येते आणि वधूपित्यासमोर "कार्ड करप्ट झालं" असं सांगायची पाळी येत नाही.

शटर १/४००० सेकंदावरच थांबतो. अडेल का?

दुपारच्या उन्हात मोठं अ‍ॅपर्चर उघडणाऱ्यांचं अडतं. सनी सिक्स्टीनचा नियम लावा: आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१००. तिथून एफ/२.८ वर आलात तर १/३२००, म्हणजे अजून जमतंय. एफ/२ वर १/६४०० लागेल आणि एफ/१.४ वर १/१२,८००. तिथे एकतर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावा, नाहीतर एफ/२ पर्यंत आयएसओ ५० वर उतरा. आयएसओ ५० वर उजळ भाग लवकर जळतात, तेव्हा फिल्टरच बरा.

आणि शटरचा आवाज?

येतो. क्वाएट मोडमध्ये थोडा मऊ होतो, गप्प होत नाही. मैफलीत विलंबित ख्याल रंगला असताना तिसऱ्या रांगेत बसून हा कॅमेरा वापरू नये. निदान तानपुऱ्याखेरीज काही ऐकू येत नसेल तेव्हा तरी नाही.

व्हिडिओ?

१०८० पी, सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत. ४के नाही. व्हिडिओ तुमच्या कामाचा मोठा भाग असेल तर पुढचे प्रश्न वाचू नका, मिररलेस बघा.

वडिलांच्या जुन्या निकॉन लेन्स कपाटात आहेत. चालतील?

खूप चालतील, आणि हा कॅमेरा घेण्याचं हे सर्वांत चांगलं कारण आहे. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायचा सांधा) १९५९ पासूनचा. मात्र "सगळं सगळ्याला बसतं" हे दुकानदाराचं वाक्य जसंच्या तसं घेऊ नका.

एएफ-डी लेन्सना स्वतःची मोटर नसते. डी७५० च्या बॉडीत ती आहे, त्यामुळे ५० मिमी एफ/१.८ डी सारखी स्वस्त, चिमुकली लेन्स त्यावर ऑटोफोकस करते. डी५००० मालिकेतल्या बॉडीवर हीच लेन्स हाताने फिरवावी लागते. हाताने फोकस करायच्या एआय लेन्सही लागतात. मेनूत फोकल लेन्थ आणि सर्वांत मोठं अ‍ॅपर्चर एकदा भरून ठेवलं की मीटरिंग नीट चालतं. जपायचं आहे ते १९७७ च्या आधीच्या, एआयमध्ये न बदललेल्या लेन्सना. त्या जोर लावून बसवल्या तर माउंटजवळचा नाजूक खटका तुटू शकतो. वडिलांच्या लेन्सवर अ‍ॅपर्चरच्या आकड्यांची दुसरी, बारीक ओळ नसेल तर आधी जाणकाराला दाखवा.

डीएक्स, म्हणजे क्रॉप बॉडीसाठीची, लेन्स लावल्यास कॅमेरा आपोआप क्रॉप मोडमध्ये जातो. सुरुवातीचे काही महिने भागवायला ठीक. एएफ-पी (नव्या प्रकारच्या मोटरच्या) लेन्स असतील तर आधी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करून घ्या.

पुढेमागे निकॉनच्या झेड मिररलेसवर जायचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेवा: एफ माउंटच्या लेन्स झेडला जोडणाऱ्या एफटीझेड अ‍ॅडॅप्टरवर एएफ-एस (स्वतःची मोटर असलेल्या) लेन्स ऑटोफोकस करतात, एएफ-डी करत नाहीत. आज नवीन लेन्स जमवणार असाल तर एएफ-एस घ्या.

कोणत्या लेन्सपासून सुरुवात करू?

५० मिमी एफ/१.८ जी आणि ८५ मिमी एफ/१.८ जी. अनुक्रमे १८५ आणि ३५० ग्रॅम, दोन्ही सेकंड-हँड सहज मिळतात. बॉडीला जेवढे पैसे द्याल निदान तेवढेच लेन्सवर घालवायची तयारी ठेवा. भटकंतीसाठी झूम हवीच असेल तर २४-८५ व्हीआर (हात हलला तरी सांभाळून घेणारी). दिसायला साधी आहे म्हणून लोक नाकारतात, पण एफ/८ वर लँडस्केपला ती काही कमी पडत नाही.

शटर काउंट किती असावा आणि तो कळतो कसा?

निकॉनने डी७५० चा शटर १,५०,००० वेळा चालेल असा तपासलेला आहे. हा आकडा मृत्यूची तारीख नव्हे. काही शटर याच्या दुप्पट चालतात, काही आधीच राम म्हणतात. ताजा काढलेला फोटो मूळ फाइलसह संगणकावर घ्या आणि एक्झिफटूलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडा. शटर काउंट तिथे दिसतो, सिरियल नंबरही दिसतो. तो बॉडीच्या तळाशी असलेल्या नंबरशी आणि बिलाशी जुळवून पाहा. न जुळल्यास दुकानातून चहा पिऊन बाहेर पडा, व्यवहार करू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोतून काउंट कळत नाही, कारण ती माहिती वाटेतच गळून पडते. विकणारा फक्त स्क्रीनशॉट पाठवत असेल तर मूळ फाइल मागा.

या मॉडेलमध्ये काही मूळचा दोष होता असं ऐकलं. खरं का?

खरं आहे. दोन प्रकरणं होती आणि दोन्ही कंपनीने जाहीरपणे मान्य केली. पहिलं फ्लेअरचं: तीव्र प्रकाश चौकटीच्या वरच्या कडेजवळ असला की फोटोत उजेडाचा पट्टा येई आणि तो वरच्या बाजूला सरळ रेषेत कापल्यासारखा दिसे. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने मोफत दुरुस्ती जाहीर केली. तपासलेल्या कॅमेऱ्यांच्या तळाशी, ट्रायपॉडच्या भोकात आत काळा ठिपका असतो. दुसरं प्रकरण शटरचं. काही बॉडींत शटर नीट न चालल्याने फोटोचा एक भाग काळवंडत असे. ही सूचना २०१५ च्या जुलैत आली आणि पुढे तिच्यात आणखी कॅमेरे घेतले गेले. सिरियल नंबर त्या यादीत आहे का आणि काम झालंय का, हे पैसे देण्याआधी अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुरुस्ती झालेला कॅमेरा टाळायचं कारण नाही. उलट ज्याचा शटर त्या मोहिमेत बदललाय तो मला जास्त विश्वासाचा वाटतो.

दुकानात उभ्याउभ्या काय तपासू?

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात घेत असाल किंवा ओळखीतल्या कुणाकडून, स्वतःचं कार्ड, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी, छोटा टॉर्च आणि जमल्यास लॅपटॉप न्या. घाई करणाऱ्याकडून घेऊ नका.

आधी १/४००० वर एकसारख्या उजळ भिंतीचे किंवा आकाशाचे दहा-पंधरा फोटो काढा. एकाही फोटोत वरची किंवा खालची बाजू काळसर असेल तर शटर थकलाय. मग एफ/१६ ला, फोकस मुद्दाम बिघडवून, पुन्हा आकाश. काळे डाग दिसले तर ती धूळ. धूळ साफ होते, त्यामुळे तो भाव पाडायचा मुद्दा, नाकारायचा नाही. ब्लोअरने हवा मारल्यावरही डाग तिथेच असतील आणि त्यांच्या कडा धारदार असतील तर ओरखड्याची शंका घ्या. नंतर लेन्सला झाकण लावून ३० सेकंदांचं एक्स्पोजर द्या, पण लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आधी बंद करा. दोनचार लाल-निळे ठिपके सगळ्यांतच असतात, चांदणं पसरलेलं दिसलं तर विचार करा.

फोकसची परीक्षा बहुतेक लोक विसरतात. कॅमेरा काउंटरवर स्थिर ठेवा, लेन्स पूर्ण उघडी ठेवून एखाद्या खोक्यावरच्या छापील अक्षरांवर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करा. दोन्ही फोटो मोठे करून बघा. लाइव्ह व्ह्यूचा फोटो जास्त शार्प असेल तर फोकस पुढेमागे होतोय. थोडा फरक एएफ फाइन-ट्यूनने काढता येतो. उणे २० ते अधिक २० असा पल्ला आहे आणि १२ लेन्सांचे आकडे लक्षात राहतात. आकडा टोकाला नेऊनही जमत नसेल तर बॉडी पडलेली असू शकते.

बाकी गोष्टी पटापट: दोन्ही कार्डांच्या खाचा, पॉप-अप फ्लॅश, स्क्रीनची कलणारी बिजागरी आणि तिची केबल, दोन्ही डायल, ग्रिपचं रबर. बॅटरीचं वय मेनूत ० ते ४ मध्ये दिसतं, ४ म्हणजे नवीन घ्यायची. नवीन घ्याल तेव्हा अस्सल ईएन-ईएल१५ घ्या, याच मालिकेतल्या पुढच्या सी आवृत्तीपर्यंतच्या बॅटऱ्याही चालतात. एका चार्जवर १२३० फोटो हा कंपनीचा आकडा आहे आणि निरोगी बॅटरीवर तो अतिशयोक्तीचा वाटत नाही.

कोकणात राहतो. पावसाळ्यात काय होईल?

बॉडीपेक्षा लेन्सची काळजी करा. दमट हवेत, बंद बॅगेत, अंधारात राहिलेल्या काचेवर बुरशी चढते. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत पाहा: कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत द्या. घरी सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारं ड्राय कॅबिनेट उत्तम. ते परवडत नसेल तर रबरी कडांचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि थोडा चांगला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र). कातडी केसमध्ये कॅमेरा ठेवू नका.

बॉडीला धूळ-ओलाव्यापासून थोडं संरक्षण आहे, पण वारीत दिवेघाटात पाऊस गाठतो तेव्हा प्लॅस्टिकचं आवरणच कामाला येतं.

डी६१०, डी८१०, कॅनन ६डी मार्क २... यांतलं काही का नको?

डी६१० मध्ये मेगापिक्सेल तेवढेच, पण फोकस ३९ पॉइंटचा आणि स्क्रीन स्थिर. बजेट फारच घट्ट असेल तर वाईट नाही. डी८१० चे ३६.३ मेगापिक्सेल आणि मूळ आयएसओ ६४ लँडस्केपवाल्यांना मोहात पाडतात, आणि पाडावेतच. फक्त फाइली जड होतात, हात हलण्याची शिक्षाही जास्त. कॅननच्या लेन्स आधीच असतील तर ६डी मार्क २ घ्या: सावल्या उचलण्यात तो डी७५० च्या मागे आहे, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करण्यात खूप पुढे. पेंटॅक्स के-१ सुंदर यंत्र आहे, पण आपल्याकडे त्याच्या सेकंड-हँड लेन्स शोधताना चपला झिजतील.

२०२० चा डी७८० हा खरा वारसदार. ४के आहे, शटर १/८००० पर्यंत जातो, लाइव्ह व्ह्यू मिररलेससारखा झपाझप फोकस करतो. चांगल्या अवस्थेतला परवडणाऱ्या भावात मिळाला तर डी७५० विसरून जा.

डीएसएलआरचा जमानाच संपला ना?

नव्या मॉडेलांच्या बाबतीत, हो. निकॉनचे शेवटचे नवे डीएसएलआर २०२० मध्ये आले आणि कॅननचेही. पण त्यामुळेच तर हे कॅमेरे आपल्या आवाक्यात आले. पाचसहा वर्षांनी सुटे भाग मिळणं अवघड होईल हे गृहीत धरा आणि त्या हिशेबानेच पैसे द्या. पुन्हा विकून पैसे वसूल होतील अशी आशा ठेवू नका.

चष्मा आहे. व्ह्यूफाइंडर पूर्ण दिसतो?

दिसतो. आयपॉइंट (डोळा इतका दूर ठेवूनही पूर्ण चौकट दिसते ते अंतर) २१ मिलिमीटर आहे, चौकट शंभर टक्के.

अमेरिकेतून भाचा येतोय. त्याच्याकडून मागवू?

तिथे सेकंड-हँड माल भरपूर मिळतो हे खरं. चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागेल. पण वर सांगितलेली तपासणी भाचा करणार का? त्याला हे सगळं वाचून दाखवण्याइतकं नातं घट्ट असेल तर मागवा.

मेनू मराठीत आहे म्हणतात?

आहे. भाषेच्या यादीत मराठी सापडेल. एकदा लावून बघा, गंमत वाटते. मात्र शिकवण्याचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी मेनूवर बेतलेले असतात, त्यामुळे सेटिंग शोधताना परत इंग्रजीवर यावं लागेल. भाषा बदलण्याचा पर्याय सेटअप मेनूत, पान्याच्या चिन्हाखाली आहे.